खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ही कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जानेवारी १७६१ मध्ये पेशवे माळव्यात भेलशाच्या आसपास होते. एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला जासूद त्यांच्या माणसांच्या हाती लागला. पत्र सांकेतिक होते. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, हा उलगडा कोणाला करून सांगावा लागला नाही. खुर्दा म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र लहानपणी ही कथा ऐकताना आम्ही कधी विचारला नाही, आणि सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही तो कधी काढला नाही.

भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर लढवय्यांखेरीज फार मोठा जमाव होता. सरदारांची आणि शिपायांची कुटुंबे होती, उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून निघालेले यात्रेकरू होते, वाणी, लोहार, नालबंद, पाणके, सईस, आश्रित ब्राह्मण आणि विधवा होत्या. त्यांच्या संख्येविषयी इतिहासकारांच्या अंदाजांत मोठे अंतर आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी छावणीत आणि पानिपत गावात त्यांची कत्तल झाली. स्त्रिया आणि मुले गुलाम म्हणून नेली गेली. या सर्वांना आपल्या इतिहासलेखनात एक शब्द आहे : बाजारबुणगे. हा शब्द बहुधा पराभवाच्या कारणांच्या यादीत येतो. त्यांनी धान्य संपविले, त्यांनी सैन्याची चाल मंदावली, असा त्यांच्यावर ठपका असतो. ज्यांचे मरण कोणी मोजले नाही, त्यांनी खाल्लेले धान्य मात्र आपण हिशेबात धरले.

आमच्या घरच्या वंशावळीत त्या पिढीतील दोन पुरुषांच्या नावांपुढे ‘पानिपतावर पडले’ अशी नोंद आहे. त्यांपैकी एकाची पत्नी बरोबर होती, असे आजी सांगत असे. वंशावळीत तिचे नाव नाही. तिचे काय झाले हेही नाही. ही रिकामी जागा आम्ही अनेक वर्षे पाहत आलो, पण तिचा विचार केला तो अलीकडे, वृत्तपत्रांतील दूरच्या युद्धांच्या बातम्या वाचताना. त्या विचारातून जो प्रश्न उभा राहिला तो असा : युद्धात न लढणाऱ्यांचे मरण मोजले न जाणे, ही केवळ नोंदीतील उणीव आहे, की तो स्वतःच एक नैतिक अपराध आहे?

आधुनिक युद्धाने हा प्रश्न अतिशय तीव्र केला आहे. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गाव्होत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियातील तुर्की छावण्यांवर विमानातून हाताने चार लहान बॉम्ब टाकले. विमानातून बॉम्ब टाकण्याचा तो पहिला प्रसंग मानला जातो. त्यापूर्वी चारच वर्षे, १९०७ मध्ये, हेग येथील करारात असंरक्षित गावांवर भडिमार करू नये असे राष्ट्रांनी मान्य केले होते. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्पेनमधील गेर्निका हे गाव जर्मन आणि इटालियन विमानांनी जाळले तेव्हा जग हादरले. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच दिवशी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व युद्धमान राष्ट्रांना नागरी वस्त्यांवर विमानहल्ले न करण्याचे आवाहन केले. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, ९ आणि १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या रात्री, त्याच अमेरिकेच्या सुमारे २८० विमानांनी टोकियोतील लाकडी घरांच्या दाट वस्तीवर आग लावणारे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली. हिरोशिमा आणि नागासाकी त्यानंतर पाच महिन्यांनी. १९४५ च्या अखेरपर्यंत त्या दोन शहरांत मिळून सुमारे दोन लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे.

एवढे होईपर्यंत कोणी बोललेच नाही, असे नाही. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात स्वतःच्याच देशाच्या बॉम्बहल्ल्यांविरुद्ध भाषण केले. ते हिटलरचे मित्र नव्हते. जर्मनीतील नाझीविरोधी ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्यांनी प्रथमपासून साहाय्य केले होते. अख्ख्या शहरालाच लक्ष्य मानले तर मग आपण कोणत्या मूल्यांसाठी लढत आहो, असा त्यांचा प्रश्न होता. तो युद्धाच्या ऐन भरात विचारला गेला, आणि लोकांना तो आवडला नाही.

तरीही नागरिकांच्या मृत्यूचे समर्थन करणारा एक युक्तिवाद आहे आणि तो दुबळा नाही. तो थोडक्यात असा : आम्हाला शत्रूचा कारखाना, पूल किंवा सेनापती नष्ट करावयाचा होता. शेजारची माणसे मरावीत अशी आमची इच्छा नव्हती. ती मरतील हे ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि इच्छिणे यांत भेद आहे. हा भेद युरोपीय नीतिशास्त्रात फार जुना असून त्याचे मूळ थॉमस ॲक्वायनसपर्यंत नेले जाते. आपल्याकडे तोच विचार एका म्हणीत सामावला आहे : सुक्याबरोबर ओलेही जळते. ही म्हण आपण किती सहजपणे वापरतो! एखाद्या गावात दंगल होऊन निरपराध भरडले गेले, की म्हण उच्चारून आपण मोकळे होतो.

पण म्हणीत एक पळवाट आहे. ओले जळते, ते आगीच्या स्वभावामुळे; आगीला निवड नसते. आग लावणाऱ्याला मात्र असते. वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, सुक्याला ओले किती लागून आहे, हे त्याला आधी पाहता येते. एलिझाबेथ ॲन्स्कम या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी १९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने अध्यक्ष ट्रूमन यांना सन्माननीय पदवी देण्यास विरोध केला, तेव्हा त्यांचा मुद्दा नेमका निवडीचा होता. निरपराध माणसांचा मृत्यू हेच साध्याचे साधन म्हणून निवडले असेल, तर त्याला हत्या हेच नाव आहे. हेतू किती उदात्त आहे याने त्यात फरक पडत नाही. इच्छिलेले आणि केवळ दिसणारे परिणाम यांतील भेद त्यांना मान्य होता. परंतु मनातल्या मनात हेतूची दिशा वळवून घेतली की हात निर्मळ होतात, ही पळवाट त्यांनी मान्य केली नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या भेदाला एक मोजमाप जोडले. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराने शत्रूच्या ताब्यातील नागरिकांना संरक्षण दिले. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने हल्ल्यांसाठी नियम घातला, की अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी प्रमाणाबाहेर होईल असा हल्ला करू नये. भारताने या पूरक करारावर आजवर शिक्कामोर्तब केलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. या नियमात एक तराजू गृहीत धरलेला आहे. एका पारड्यात लाभ, दुसऱ्यात माणसे. आता तराजूचा साधा धर्म हा, की जे मोजले नाही ते तोलता येत नाही. मागच्या हल्ल्यात खरोखर किती माणसे मेली हे ज्या सैन्याने कधी पाहिलेच नाही, ते पुढच्या हल्ल्यात किती मरतील याचा प्रामाणिक अंदाज कशावरून बांधणार? २००२ मध्ये अफगाणिस्तानातील मोहिमेचे अमेरिकी सेनापती जनरल टॉमी फ्रँक्स यांनी, आपण प्रेतांची मोजदाद करीत नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. ते कदाचित फुशारकी टाळण्यासाठी असेल. पण त्याचा परिणाम एवढाच, की पारड्यात घालावयाची वस्तू बाहेरच राहिली. म्हणून आम्हाला वाटते, गणती न करणे ही नोंदीतील उणीव नव्हे. ज्या एकमेव आधारावर ‘आमची इच्छा नव्हती’ हे म्हणणे खरे ठरू शकते, तो आधारच ती काढून घेते.

येथे कोणी म्हणेल, की आता अस्त्रे अचूक झाली आहेत. प्रश्न विज्ञानानेच सुटेल. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर पडलेले दोन बॉम्ब अतिशय अचूक होते. एकाने काँक्रीटचे छत भेदले, दुसरा त्यातून आत गेला. तेथे लष्करी ठाणे आहे अशी हल्लेखोरांची समजूत होती. आत चारशेहून अधिक नागरिक होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले. बॉम्ब नेमका जेथे पडावयाचा तेथेच पडला होता. आत कोण आहे, हे मात्र अचूकतेला कळत नाही.

गणती करणे सोपे आहे असे आमचे म्हणणे नाही. युद्धातील सर्व मृत्यू युद्धाच्या दिवशी आणि युद्धाच्या ठिकाणी होत नाहीत. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओस या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक स्फोटके टाकली. एका मोठ्या आवरणातून शेकडो लहान गोळे विखुरणारे जे बॉम्ब होते, त्यांतील सुमारे सत्तावीस कोटी गोळे त्या भूमीवर पडले आणि त्यांपैकी सुमारे तीस टक्के फुटलेच नाहीत. ते भातखाचरांत, बांबूच्या बेटांत, ओढ्यांच्या काठी रुतून राहिले. शेतकऱ्याची कुदळ लागली, मुलांनी चेंडू समजून उचलले, की ते फुटतात. ज्या मुलाचा जन्म युद्ध संपल्यावर तीस वर्षांनी झाला, ते त्या युद्धात मेले असे म्हणावयाचे की नाही? अशा बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत त्यात सामील नाहीत. २०२५ मध्ये लिथुएनिया त्यातून बाहेर पडला. रशियाची भीती हे त्याचे कारण होते, आणि ती भीती खोटी आहे असे आम्ही घरी बसून म्हणू शकत नाही.

याहून जवळचे उदाहरण बंगालचे आहे. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले, तेव्हा ते बंगालात उतरल्यास त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतील हजारो होड्या जप्त केल्या किंवा नष्ट केल्या, आणि तांदळाचे साठे हलविले. होडी हेच जेथे बैलगाडीसारखे वाहन, तेथे मासेमारी, शेती आणि बाजार एकदमच खुंटले. त्यात चक्रीवादळ, लष्करी खर्चाने भडकलेले भाव आणि सरकारची अनास्था यांची भर पडली. १९४३ च्या दुष्काळात किती माणसे मेली? सरकारी चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख हा आकडा दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज वीस ते तीस लाखांपर्यंत जातात. एका बाजूला पंधरा लाख आणि दुसऱ्या बाजूला तीस लाख! मधली पंधरा लाख माणसे होती की नव्हती, हे ठरविता येत नाही. कोणत्याही युद्धस्मारकावर त्यांची नावे नाहीत, कारण त्यांना कोणी गोळी घातली नव्हती.

आता एक आक्षेप असा, की मृतांचे आकडे हेही युद्धातील शस्त्र असते. हा आक्षेप खरा आहे. फेब्रुवारी १९४५ मधील ड्रेस्डेनवरील हल्ल्यात मेलेल्यांचा आकडा नाझी प्रचारयंत्रणेने कित्येक पटींनी फुगविला, आणि दोन लाखांचा तो आकडा युद्धानंतरही अनेक दशके छापला गेला. त्या शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये निष्कर्ष काढला, की संख्या पंचवीस हजारांपर्यंत असावी. काहींना हा निष्कर्ष मृतांचा अपमान वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. पंचवीस हजार माणसे हा काही लहान आकडा नाही. त्याला फुगविणाऱ्याला तो अपुरा वाटतो, यातच त्याला माणसांशी कर्तव्य नाही हे कळते. आकडा दडपणारा आणि फुगविणारा हे दोघेही मृतांकडे खुर्दा म्हणूनच पाहतात. एक तो रस्त्यावर टाकून देतो, दुसरा उधळतो.

यावर उपाय काय, हे बोस्नियातील काही चिकाटीच्या माणसांनी दाखविले. १९९२ ते १९९५ च्या तेथील युद्धात दोन लाख माणसे मेली, असे सर्वत्र म्हटले जात असे. सारायेव्हो येथील एका संशोधन केंद्राने मिर्साद तोकाचा यांच्या नेतृत्वाखाली एकेका मृताचे नाव, गाव आणि मृत्यूची परिस्थिती गोळा करण्यास सुरुवात केली. बोस्नियाक, सर्ब, क्रोएट असा भेद केला नाही. सैनिक आणि नागरिक दोघेही नोंदविले. २०१३ मध्ये ‘बोस्नियाचा मृत्युग्रंथ’ या नावाने ते काम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात ९५,९४० नावे होती, त्यांपैकी ३८,२३९ नागरिकांची. रूढ आकडा निम्म्यावर आला. आपलेच दुःख मोठे ठरावे अशी इच्छा असलेल्या कोणत्याच गटाला ते रुचण्यासारखे नव्हते. पण त्या ग्रंथानंतर मृतांच्या संख्येवर हवे ते बोलणे कठीण झाले. हिरोशिमाच्या स्मारकातही दगडी पेटीत नावांच्या वह्या आहेत, आणि दर वर्षी ६ ऑगस्टला नव्याने कळलेल्या मृतांची नावे त्यांत भरली जातात. आकड्याला फुगविता येते. नावाला फुगविता येत नाही.

आजची युद्धे पाहिली तर हे काम किती अवघड आहे ते दिसते. १६ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारिउपोल येथील नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत आश्रयाला आलेल्यांनी बाहेर जमिनीवर ‘मुले’ हा शब्द रशियन भाषेत विमानातून दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता. तेथे मेलेल्यांचे अंदाज डझनभरापासून सहाशेपर्यंत आहेत, आणि शहर हल्लेखोरांच्याच ताब्यात गेल्याने ते पडताळणे शक्य झाले नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, त्यांतील बहुसंख्य नागरिक होते. त्यानंतरच्या युद्धात गाझातील मृतांचा तेथील आरोग्य खात्याने दिलेला आकडा २०२५ मध्ये साठ हजारांच्या पुढे गेला. त्या यादीत नागरिक आणि लढवय्ये वेगळे केलेले नाहीत, आणि तिच्यावर रोज वाद झाला. या वादात आमच्या परिचितांपैकी प्रत्येकाची एक बाजू आहे. ज्याची बाजू जी, त्याला त्या बाजूचे मृत मोत्यांसारखे वाटतात आणि दुसऱ्या बाजूचे आकडे संशयास्पद वाटतात. आम्हीही याला अपवाद नाही.

आणि येथेच आपल्या घरातील एक हिशेब आठवतो. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. आपल्या इतिहासात ते भास्करराम कोल्हटकरांचे पराक्रम आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांचा विश्वासघाताने केलेला वध म्हणून येते. शेवटी तह होऊन बंगालची वार्षिक चौथाई बारा लक्ष रुपये ठरली, हा आकडा शाळकरी पुस्तकातही सापडतो. बंगालच्या स्मृतीत मात्र ते ‘बर्गीं’चे दिवस आहेत. ‘बर्गी’ हा आपल्याच ‘बारगीर’ या शब्दाचा अपभ्रंश. तेथील आया मुलांना झोपविताना अजून त्यांचे नाव घेतात. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये त्यांच्या भीतीने खंदक खणला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्रपुराण’ रचले, आणि त्यात गावे जाळल्याचे, स्त्रियांवरील अत्याचारांचे, पळणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. कवीच्या वर्णनात अतिशयोक्ती असेल. पण किती माणसे मेली, हे आपल्या दप्तरांतून सांगता येत नाही. चौथाईचे बारा लक्ष आपण मोजले. बंगालचा खुर्दा मोजला नाही.

ज्या शिवछत्रपतींच्या नावाने आपण अभिमान बाळगतो, त्यांनी चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्याच लोकांना पत्राने ताकीद दिली होती, की रयतेला त्रास देऊ नये. दिल्यास रयतेला शत्रू बरा वाटू लागेल. म्हणजे न लढणाऱ्याची हानी ही सैन्याच्या प्रमुखाने मोजावयाची गोष्ट आहे, ही जाण आपल्या परंपरेत होती. ती विसरली गेली तेव्हाही विसरणारे आपणच होतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर या गावांत आले आणि येथलेच झाले. शेजाऱ्यांनी आपल्याला सामावून घेतले, आपली भाषा आणि गणपती आनंदाने राहू दिले. त्यांच्या आजोबांच्या आठवणीत आपले आजोबा कसे होते, हे विचारण्याचे धैर्य आपण फारसे दाखविले नाही. पानिपतच्या खुर्द्याची गणती व्हावी असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर बंगालच्या खुर्द्याचीही झाली पाहिजे. हे म्हणणे पूर्वजांची निंदा नव्हे. हिशेब पुरा असावा, एवढाच त्याचा अर्थ.

युद्धे थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु प्रत्येक युद्ध कोणाच्या तरी संमतीवर चालते, आणि ती संमती घराघरांतून, सकाळचे वृत्तपत्र वाचताना तयार होते. ‘इतके ठार’ असे वाचल्यावर त्यांत कोण होते, हे कोणी मोजले, आणि ज्याने मोजले त्याला ते मोजू दिले गेले का, एवढे तीन प्रश्न मनात आले तरी ती संमती तितकी स्वस्तात मिळणार नाही. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ असे म्हणून उठण्याआधी ओले किती जळाले हे विचारणे, ही आपल्या आवाक्यातील गोष्ट आहे.

वंशावळीतील त्या रिकाम्या जागेचे काय करावे, याचा आम्ही घरात बराच विचार केला. नाव मिळणे आता शक्य नाही. शेवटी यंदा नवी प्रत लिहिताना त्या पुरुषाच्या नावाशेजारी एक ओळ वाढविली : ‘पत्नी बरोबर होती. नाव ज्ञात नाही. पानिपतानंतर परतली नाही.’ दोन लहान नातवंडे शेजारी बसली होती. त्यांतल्या धाकटीने विचारले, नाव ठाऊक नाही तर लिहिले कशाला? आम्ही तिला सांगितले, ती होती म्हणून.